धर्माचा रकाना आणि सोलापूर

सोलापूरकरांचा धर्म जनगणनेच्या तक्त्यात मोजक्या ओळींत उरकतो. भाषेचा तक्ता निराळा. या शहरात मात्र धर्म आणि भाषा अशा सुट्या करता येत नाहीत. ‘हिंदू’ या एका ओळीत कन्नड बोलणारे लिंगायत, मागाच्या धंद्यासाठी तेलंगणातून आलेले पद्मशाली आणि पंढरीची वारी करणारे मराठी माळकरी एकत्र मोजले जातात. पद्मशाली मार्कंडेयाला कुलपुरुष मानतात. नारळी पौर्णिमेला त्याचा रथ निघतो. जैनांतही गुजराती आणि मराठी घरे आहेत.

नोंदीतला धर्म वेगळा आणि वहिवाटीतला वेगळा, हे इथे सतत ध्यानात ठेवावे लागते. सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा पाहावी. ती ज्यांच्या नावाने भरते ते बाराव्या शतकातले सिद्धरामेश्वर कन्नड वचनकार होते. संक्रांतीच्या सुमारास पांढऱ्या बाराबंदीतले भाविक उंच नंदीध्वज तोलत शहरभरच्या अडुसष्ट लिंगांना प्रदक्षिणा घालतात. मग संमती कट्ट्याजवळ सिद्धरामांच्या प्रतीकात्मक विवाहाच्या अक्षता पडतात. नंदीध्वजांचे मान निरनिराळ्या समाजांकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत. लिंगायत शरणांचा, म्हणजे त्या काळच्या संतांचा, भर मात्र अंगावरच्या इष्टलिंगावर, देवळातल्या स्थावर लिंगावर नव्हे. तळे खोदणाऱ्या, देऊळ उभारणाऱ्या सिद्धरामांना शरणांपैकीच अल्लमप्रभूंनी याच मुद्द्यावर खडसावल्याची कथा ‘शून्यसंपादने’ या कन्नड ग्रंथात येते. ज्यांना इष्टलिंगाची दीक्षा घ्यावी लागली, त्यांच्याच गावात अडुसष्ट स्थावर लिंगे आजही पुजली जातात.

या जत्रेवर बोट ठेवून काही जण म्हणतात, लिंगायत हिंदूच, वेगळ्या धर्माची मागणी निव्वळ राजकारण. मार्च २०१८ मध्ये कर्नाटक सरकारने वेगळ्या धर्माची शिफारस केली, तेव्हा हा युक्तिवाद जोरात होता. वहिवाट खरी आणि नोंद वरवरची, असे एकदा धरले की तो पटतोही.

पण बौद्धांपाशी तो कोसळतो. आजच्या महाराष्ट्राच्या मुलखात १९५१ साली बौद्ध होते सुमारे अडीच हजार. १९६१ साली ते सुमारे २७.९ लाख झाले. मधे १४ ऑक्टोबर १९५६ ची नागपूरची बौद्ध धर्माची सामुदायिक दीक्षा होती. दीक्षा घेतलेल्यांच्या वस्तीतल्या जुन्या चालीरीती एका दिवसात गेल्या नाहीत. रकाना मात्र बदलला, आणि तो जाणूनबुजून, किंमत मोजून बदलला. ‘बौद्ध’ लिहिणाऱ्याला अनुसूचित जातीच्या केंद्रीय सवलती १९९० पर्यंत नाकारल्या जात होत्या. ही नोंद वरवरची म्हणता येत नाही. इथे नोंद आधी आली, वहिवाट तिच्यामागून घडत गेली: विहारे, वंदना, धम्मचक्र प्रवर्तन दिन.

तेव्हा सिद्धेश्वराच्या अक्षतांना कोण येतो, एवढ्यावरून लिंगायतांचा धर्म ठरवता येणार नाही. नंदीध्वज पेलणाराही उद्या आपल्या धर्माचे वेगळे नाव सांगू शकतो. प्रगणकाने ते सांगेल तसे लिहून घ्यायचे असते.