दुसऱ्याच्या शेतांतील ठेवा

शेत एकाचें आहे. त्याच्या मातीखालीं पडलेली वस्तु कोणाची? हा प्रश्न प्रथम पाहतां वकिलांचा वाटतो, परंतु खेड्यांत राहणाऱ्या माणसावर तो केव्हां ना केव्हां येतोच. विहीर खणतांना, घराचा पाया काढतांना, बांध घालतांना किंवा नांगराच्या फाळास अडकून कांहीं तरी वर येतें. कधीं एखादें मडकें, कधीं तांब्याचें नाणें, कधीं कांचेची जुनी बाटली. त्या वेळीं जवळ पाहणारा कोणी नसतो. शेताचा धनी घरीं असतो, आणि वस्तु खणणाराच्या हातांत असते. अशा प्रसंगीं मनुष्याची परीक्षा होते, आणि ती परीक्षा वस्तूच्या किंमतीवर अवलंबून नसते, हें दाखविण्याचा आमचा हेतु आहे.

वेरूळच्या आसपास राहणाऱ्यांस हा विचार विशेष जवळचा आहे. येथील डोंगरांत बौद्ध, हिंदु व जैन अशीं चौतीस लेणीं कोरलेलीं असून १९८३ सालीं त्यांची गणना जगाच्या वारशांत झाली. गांवांत मालोजीराजे भोसले यांची गढी आहे. ज्या भूमीवर शेंकडों वर्षें माणसें राबलीं व मेलीं, तिच्या पोटांत त्यांच्या वस्तु राहावयाच्याच. भूमिगत धनाची गोष्टहि येथें फार जुनी आहे. मालोजीराजांस वेरूळच्या शेतांत देवीच्या दृष्टांतानें पुरलेलें द्रव्य सांपडलें, तें त्यांनीं श्रीगोंद्याच्या एका सावकाराकडे ठेविलें, आणि त्यांतून घृष्णेश्वराच्या देवालयाचा जीर्णोद्धार व शिखर शिंगणापूरचा तलाव अशीं कामें केलीं, असें लोक सांगत आले आहेत. ही दंतकथा आहे, इतिहास नव्हे. तथापि लोकांनीं ती सांगतांना द्रव्य सांपडलें एवढ्यावरच संपविली नाहीं. त्याचें पुढें काय केलें हेंहि सांगितलें. सांपडलेल्या धनाचा हिशेब द्यावा लागतो, ही जाणीव आपल्या लोकांत पूर्वापार आहे.

आतां सोन्याचा हंडा बाजूस ठेवूं आणि अगदीं क्षुल्लक वस्तु घेऊं. जुन्या छावण्या, बंगले व वाडे यांच्या आवारांत, जेथें पूर्वीं केरकचरा टाकीत, तेथें खणल्यास जुन्या बाटल्या निघतात. गोटी सोड्याची बाटली सर्वांच्या परिचयाची आहे. तिची युक्ति हायरम कॉड नांवाच्या इंग्रज गृहस्थानें काढली व १८७२ सालीं तिचें पेटंट घेतलें. अशा बाटल्या जमविण्याचा छंद आतां पुष्कळांस आहे आणि त्यांस पैसेहि येतात. म्हणून कोणी दुसऱ्याच्या पडीक जागेंत न विचारतां खणूं लागला आणि त्यास हटकलें, तर तो म्हणतो, "हा कचरा आहे. धन्यास याची माहितीहि नाहीं. मीं नेली नसती, तर ती तशीच मातींत राहिली असती. यांत कोणाचें काय गेलें?"

हें बोलणें वरवर पाहतां खरें वाटतें. परंतु त्यास आमचें एकच विचारणें आहे. जर कोणाचें कांहीं जात नाहीं, तर धन्यास विचारण्यास अडचण कोणती? तो जर "ने बापा" म्हणेल, तर विचारण्यांत कांहींच खर्च झाला नाहीं. तो जर "नको" म्हणेल, तर त्यानें जें दिलें नसतें तेंच तुम्ही नेणार होतां, हें उघड झालें. दोन्ही प्रकारें न विचारण्यास कारण उरत नाहीं. उरतें तें एवढेंच कीं, धन्याच्या अज्ञानाचा आपणांस उपयोग करून घ्यावयाचा आहे. वस्तु कवडीमोलाची असली तरी हा उपयोग कवडीमोलाचा नाहीं. दुसऱ्याच्या अज्ञानावर जगण्याची संवय बाटलीपासून लागते आणि पुढें तराजूंत, खतपत्रांत व निरक्षर शेजाऱ्याच्या अंगठ्यांत दिसूं लागते. शिवाय खड्डा मागें राहतो तो धन्याच्याच जमिनींत. खड्डा खणून जो तो झांकीत नाहीं, त्यानें त्यांत पडलेल्या बैलाची भरपाई करावी, असा मोशेच्या नियमशास्त्रांत दंडक आहे. ज्याचा बैल उघड्या खड्ड्यांत पडून पाय मोडून बसला असेल, त्यास या नियमाचा अर्थ फोड करून सांगण्याची गरज नाहीं.

येथें कोणी प्रभूचाच दृष्टांत पुढें करील. मत्तयाच्या तेराव्या अध्यायांत एका मनुष्यास शेतांत ठेवा सांपडतो, तो ती गोष्ट लपवितो, सर्वस्व विकतो आणि तें शेत विकत घेतो. मग लपविण्यास दोष कां द्यावा? आमचें उत्तर असें आहे. प्रभूनें त्या दृष्टांतांत स्वर्गाच्या राज्यासाठीं सर्वस्व टाकणाऱ्याचा आनंद दाखविला आहे. खरेदीविक्रीचा धडा दिलेला नाहीं. अन्यायी कारभाऱ्याच्या दृष्टांतांतहि त्यानें कारभाऱ्याची लबाडी नव्हे, तर दूरदृष्टि दाखविली. तरी पण त्या शेतांतील मनुष्याकडे नीट पाहा. त्यानें रात्रीं येऊन ठेवा काढून नेला नाहीं. ठेवा शेताबरोबर जातो हें तो जाणून होता, म्हणून प्रथम शेत घेण्यासाठीं त्यानें आपलें सर्व कांहीं दिलें. गुपचूप खणणारा तर एक पैसाहि देत नाहीं. त्यानें या दृष्टांताचा आधार घेऊं नये.

मात्र विकणाऱ्यास ठेव्याची गोष्ट सांगावयास पाहिजे होती काय, हा प्रश्न राहतोच. त्यावर यहूदी लोकांच्या तालमूद ग्रंथांत एक सुंदर कथा आहे. शिकंदर बादशहा दूरच्या एका राजाकडे गेला असतां तेथें दोन माणसें न्याय मागावयास आलीं. एकानें दुसऱ्याची जमीन घेतली होती व तींत ठेवा निघाला होता. घेणारा म्हणे, मीं जमीन घेतली, ठेवा घेतला नाहीं, तो तुझा. विकणारा म्हणे, मीं जमीन व तींतील सर्व कांहीं दिलें, तो तुझा. राजानें चौकशी केली, तों एकास मुलगा व दुसऱ्यास मुलगी होती. त्यांचें लग्न लावून ठेवा त्यांस देवविला. शिकंदर म्हणाला, आमच्याकडे असतें तर दोघांस मारून ठेवा राजानेंच घेतला असता. तेव्हां राजानें विचारलें, तुमच्या देशांत पाऊस पडतो काय, आणि तेथें गुरें आहेत काय? शिकंदर होय म्हणाला. राजा म्हणाला, तर मग तुमच्यावर पाऊस पडतो तो त्या गुरांसाठींच. पावसाकडे डोळे लावून बसणाऱ्या आपल्या मराठवाड्यास ही कथा चांगली समजेल.

कायदाहि याच मार्गानें जातो. जुन्या स्मृतींत सांपडलेला ठेवा राजापासून लपविणारास दंड सांगितला आहे. १८७८ सालच्या निधीविषयक कायद्यांत दहा रुपयांहून अधिक मोलाचा पुरलेला ठेवा सांपडल्यास, काय, कोठें व केव्हां सांपडलें हें कलेक्टरास लेखी कळवावें असें लिहिलें आहे. कोणी मूळ मालक निघाला नाहीं, आणि शोधणारा व जागेचा धनी यांचा आधीं करार नसला, तर तीन हिस्से शोधणाऱ्यास व एक हिस्सा धन्यास मिळतो. परंतु जो लपवील, तो आपला हिस्साहि गमावतो व शिक्षेसहि पात्र होतो. यावरून ज्याच्या कुदळीस ठेवा लागला त्या मजुरासहि कायदा विसरला नाहीं, हें ध्यानांत घ्यावें. १९७२ सालच्या कायद्यानें शंभर वर्षांहून जुन्या मूर्ति, नाणीं वगैरे पुराणवस्तूंचा परवान्यावांचून व्यापार करण्यास व त्या परदेशीं नेण्यास मनाई केली आहे. लेण्यांसारख्या संरक्षित स्मारकांच्या हद्दींत तर कोणाहि खासगी माणसानें कुदळ घालूं नये.

धन्याखेरीज आणखी एकाचें नुकसान होतें, तें मागून येणाऱ्या पिढ्यांचें. १९०६ सालीं नाशिक जिल्ह्यांत जोगळटेंभी येथें १३,००० हून अधिक रुप्याचीं नाणीं एके ठिकाणीं सांपडलीं. रेव्ह. एच. आर. स्कॉट यांनीं १९०८ सालीं त्यांचें वर्णन प्रसिद्ध केलें. तीं नहपान राजाचीं होतीं, आणि त्यांतील सुमारें दोन तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनें आपला ठसा पुन्हां मारलेला होता. गौतमीपुत्रानें नहपानाचें राज्य घेतलें याचा भक्कम पुरावा त्या नाण्यांनीं दिला. तींच नाणीं सोनाराच्या मुशींत गेलीं असतीं, तर थोडें रुपें हातीं आलें असतें आणि महाराष्ट्राच्या इतिहासाचें एक पान कायमचें गेलें असतें. याच्या उलट बाजूचें उदाहरण अहिल्यानगर जिल्ह्यांतील दायमाबादचें आहे. तेथें १९७४ सालीं एका शेतकऱ्यास खणतांना बैलजोडीचा रथ, रेडा, हत्ती व गेंडा अशीं धातूचीं अप्रतिम चित्रें सांपडलीं. तीं सुरक्षित राहिलीं हें आपलें भाग्य. परंतु शास्त्रीय उत्खननांत, मातीच्या ठराविक थरांत तीं मिळालीं नसल्यामुळें त्यांच्या काळाविषयीं विद्वानांत वाद राहिला. त्यांत त्या शेतकऱ्याचा दोष नाहीं. परंतु वस्तूइतकीच तिच्या भोंवतालची मातीहि साक्षीदार असते, आणि चोरून खणणारा प्रथम त्या साक्षीदारास मारतो.

आणि शेवटीं खणणारा स्वतःचेंहि नुकसान करून घेतो. गुप्तधनाचा लोभ एकदां मनांत शिरला म्हणजे कोठें थांबेल सांगवत नाहीं. परभणी जिल्ह्यांतील मानवत येथें १९७२ ते १९७४ या काळांत गुप्तधनाच्या व संततीच्या आशेनें अनेक निरपराध मुली व स्त्रिया यांचे खून झाले, हें महाराष्ट्र विसरलेला नाहीं. २०१३ सालीं नरबळी व जादूटोणा यांविरुद्ध आपल्या राज्यांत कायदा झाला. गुप्तधनासाठीं केलेले अघोरी प्रकार त्यांत स्पष्टपणें गुन्हा ठरविले आहेत. बाटली खणणारा व नरबळी देणारा यांस आम्ही एका पंक्तीस बसवीत नाहीं. परंतु श्रमावांचून व दुसऱ्याच्या नकळत मिळणारें धन हें देवाचें देणें आहे, असें मानण्यापासून दोघांचाहि आरंभ होतो.

यास्तव उपदेशकांनीं व मंडळींच्या वडीलजनांनीं लोकांस साध्या शब्दांत पुढील गोष्टी सांगाव्या. दुसऱ्याच्या जागेंत विचारल्यावांचून खणूं नये, जागा पडीक असली तरी. कामावर असतांना कांहीं निघाल्यास हात थांबवावा, जागा तशीच ठेवावी, धन्यास सांगावें, आणि वस्तु मोलाची अथवा जुनी दिसल्यास पंचांसमक्ष तहशिलींत कळवावें. धन्यानेंहि मजुरास धमकावून त्याचा हिस्सा गिळूं नये. मजुरानें खरें सांगावें अशी ज्याची अपेक्षा, त्यानें त्यास न्यायानें द्यावें. देवऋषी, मांत्रिक व धन दाखविणारे यांस उंबऱ्याबाहेर ठेवावें. खड्डा बुजवावा.

आपल्यांतील पुष्कळांच्या नांवावर वीतभर जमीन नाहीं. दुसऱ्याच्या शेतांत राबण्यांत त्यांचा जन्म जातो, आणि म्हणूनच त्यांच्या प्रामाणिकपणाची किंमत मोठी आहे. ज्या मजुरानें सांपडलेली वस्तु उघड्या हातानें धन्यासमोर ठेविली, त्याच्या शब्दावर गांव पुढें विश्वास ठेवतो. आणि असा विश्वास कोणत्याहि शेतांत खणून सांपडत नाहीं.