बोलणे एक, ऐकणे दोन

माणसामाणसांत जे तंटे होतात, ते सगळेच काही खोटे बोलण्यामुळे होत नाहीत. पुष्कळदा दोघेही खरेच बोलत असतात, आणि तरी एकाचे बोलणे दुसऱ्याच्या गळी उतरत नाही. असे का व्हावे? भाषा एक, शब्द एक, कित्येकदा घरही एकच. मग अर्थ वाटेत सांडतो तरी कोठे? वारीत अनोळखी माणसे कित्येक दिवस बरोबर चालतात, एका पंगतीस बसतात, एका राहुटीत निजतात. तेव्हा हा प्रश्न पंडितांचा नव्हे, आपल्या रोजच्या व्यवहारातला आहे. म्हणून त्याचा थोडा विचार करू.

जालन्याकडून अंबड, वडीगोद्री करीत बीडच्या वाटेला लागलेल्या वारकऱ्यास शहागडला गोदावरी ओलांडावी लागते. अलीकडे जालना जिल्ह्यातला अंबड तालुका, पलीकडे बीड जिल्ह्यातला गेवराई तालुका. शहागडच्या माणसाला विचारा, ‘बाबा, पैलतीर कोणतं?’ तो गेवराईकडे बोट दाखवील. पूल ओलांडून तिकडच्या माणसाला तेच विचारा, तो शहागडाकडे हात करील. आता यात खोटा कोण? कोणीच नाही. ज्याचे पाय जेथे रोवले आहेत, तेथून त्याचे ऐल आणि पैल ठरते. भांडण तेव्हा लागते, जेव्हा एक म्हणतो की मी उभा आहे तोच काय तो काठ!

शब्दांचेही असेच. गोदाकाठचा मनुष्य गोदावरीला नुसते ‘गंगा’ म्हणतो. ‘गंगेवर जाऊन येतो’ असे म्हणून तो सकाळी निघाला, तर दुपारच्या भाकरीला घरी असतो. हेच वाक्य दूरच्या माणसाच्या कानी पडले, तर त्याच्या डोळ्यांपुढे काशीचा घाट उभा राहतो. शब्द कानात शिरतो खरा. पण त्याला रूप देते ते ऐकणाऱ्याचे मन, आणि मन आपल्या पाहण्यातले, भोगण्यातलेच रूप देणार.

येथवर गमतीची गोष्ट झाली. पण सगळे प्रसंग गमतीचे नसतात. शहागडच्या वर पैठणला जायकवाडीचे धरण आहे. १९७६ साली त्याचे उद्घाटन झाले. ‘धरणातून पाणी सोडलं’ एवढी तीन शब्दांची बातमी. उन्हाळ्यात ती आली तर काठचा शेतकरी हात जोडतो. भर पावसाळ्यात आली तर तोच शेतकरी काठावरची मोटार काढायला धावतो. २००६ च्या ऑगस्टात मोठा विसर्ग होऊन पैठणला आणि गोदाकाठच्या गावांत पाणी शिरले, ते ज्यांनी पाहिले त्यांच्या काळजात ही बातमी निराळीच वाजते.

शिवाय आकडा सांगतात तो क्युसेकमध्ये, म्हणजे एका सेकंदाला इतके घनफूट पाणी. दरवाजापाशी उभ्या असलेल्या माणसाला त्यात सगळे दिसते. पण काठच्या म्हातारीला त्यात काय दिसावे? तिचे माप घाटाच्या पायऱ्यांचे. पाणी कोणत्या पायरीला लागेल, गोठ्यात शिरेल की नाही, हे सांगाल तर ती गुरे सोडील. सांगणारा म्हणेल, ‘आम्ही कळवलं होतं.’ ती म्हणेल, ‘मला कुणी सांगितलं नाही.’ दोघेही खरे बोलतील, आणि गोठा मात्र वाहून जाईल.

आपल्या परंपरेत याचा फार सुंदर दाखला आहे. चांगदेव महाराजांना ज्ञानोबा माउलींस पत्र लिहावयाचे होते. पण मायना काय घालावा? वयाने पाहावे तर समोर लेकरू, म्हणून आशीर्वाद लिहावा. ज्ञानाने पाहावे तर समोर गुरुतुल्य, म्हणून नमस्कार लिहावा. एकाच व्यक्तीकडे दोन दृष्टींनी पाहिले आणि लेखणी अडली. पत्र कोरेच गेले. परंपरा सांगते की मुक्ताईने त्या कोऱ्या कागदात चांगदेवांचे कोरेपण वाचले; आणि निवृत्तिनाथांच्या सांगण्यावरून माउलींनी त्याच कागदाच्या उत्तरी पासष्ट ओव्या लिहिल्या. कागद एकच, पण थोरल्या भावाने त्यात शिकण्याची भूक पाहिली. पुढे त्याच मुक्ताईला चांगदेवांनी गुरू केले. तिची पालखी आजही दरवर्षी खानदेशातून निघून जालना, बीड या वाटेने पंढरीस जाते. आणि चांगदेवांची समाधी याच गोदेच्या काठी, पुणतांब्यास आहे.

येथे कोणी म्हणेल, ‘अर्थ जर ऐकणाऱ्याच्या मनावर आहे, तर आम्ही काहीही बोलावं, लागलं तर तो त्याच्या मनाचा दोष!’ नाही बाबांनो, ही पळवाट झाली. समोरचा कोणत्या काठावर उभा आहे हे ठाऊक असूनही जो आपल्याच काठावरचे बोलतो, त्याच्याकडे दोष येतोच. आणि ऐकणाऱ्यालाही मोकळीक नाही. कोरे पत्र वाचणे हे संतांचे काम. त्यांच्या मनात ‘मी’ उरला नव्हता, म्हणून दुसऱ्याचे मन त्यांत जसेच्या तसे उमटले. आपण कोरा कागद वाचू गेलो, तर त्यात आपलाच राग आणि आपलाच संशय वाचू. म्हणून आपल्यासारख्यांनी वाचू नये, विचारावे. ‘माउली, तुम्हांला काय म्हणायचं आहे?’ एवढे विचारले तर राहुटीतली निम्मी भांडणे तेथेच मिटतील.

आपल्या संप्रदायाने हे शिक्षण फार सोपे करून ठेवले आहे. वारकरी वारकऱ्याला भेटला की आधी पाया पडतो, मग बोलतो. वय, जात, गाव, पैसा यांवरून मायना ठरवीत बसत नाही. सगळ्यांना एकच मायना, ‘माउली’! म्हणजे आधी दृष्टी निवळायची, मग शब्द काढायचा. पण हा नेम वाटेपुरता पाळून भागणार नाही. सून, सासू, भाऊबंद, गडी यांच्याशी बोलतानाही तो पाळला पाहिजे. पंढरीहून आणलेला बुक्का घरात सर्वांना लावायचा असतो, तसाच.

पैलतीराची ओढ आपणां सर्वांस आहे. पण शेजारच्या माणसाचे पैलतीर म्हणजे आपण उभे आहो तोच काठ असतो, याची आठवण बोलताना राहो, एवढेच विठूरायाच्या चरणी मागणे. रामकृष्ण हरि!