राहून गेलेला शोक

युद्ध संपल्याची तारीख इतिहासाच्या पुस्तकात वाचताना माझ्या मनात एक शंका नेहमी डोकावते, की ही तारीख नेमकी कोणाची. १५ जानेवारी १९७० रोजी तेव्हाच्या राजधानीत, लागोसमध्ये, नायजेरियातून फुटून निघालेल्या, मुख्यतः इग्बोंच्या बियाफ्राच्या प्रतिनिधींनी शरणागतीवर शिक्कामोर्तब केले, अडीच वर्षे चाललेले नायजेरियाचे यादवी युद्ध कागदोपत्री मिटले, आणि विजयी पक्षाचे नायक याकुबू गोवॉन यांनी घोषित केले की या संघर्षात कोणी जेता नाही आणि कोणी जित नाही. त्या घोषणेतले औदार्य खोटे नव्हते. पराभवानंतर आपला वंशच्छेद होणार, या भयाने इग्बो माणसे ग्रासलेली होती; तसे घडले नाही, आणि विजयाच्या पाठोपाठ सूडाची जी लाट जगात बहुतेक ठिकाणी येत आली आहे ती येथे बव्हंशी आली नाही. तरीही त्या उदार वाक्याकडे मी जितका वेळ पाहतो तितके ते मला अधिक अवघड वाटू लागते. ज्या युद्धात कोणी हरलेच नाही, त्यात गमावलेल्या माणसांसाठी, घरांसाठी, एका अल्पायुषी राष्ट्रासाठी कोणी कोणत्या नात्याने रडावे? पराभूताला निदान आपल्या पराभवाचा हक्क असतो. इग्बोंकडून तोही हळुवारपणे काढून घेतला गेला.

युद्धाची कारणे पुष्कळांनी लिहिली आहेत, मी त्यांत रेंगाळणार नाही. १९६० साली स्वतंत्र झालेल्या त्या विशाल देशात नायजर नदीच्या पूर्वेकडचे इग्बो कारकून, शिक्षक, रेल्वेचे नोकर, व्यापारी होऊन उत्तरेच्या शहरांत पसरले होते. जानेवारी १९६६ मध्ये बहुतांशी इग्बो असलेल्या तरुण अधिकाऱ्यांनी लष्करी उठाव केला, जुलैमध्ये त्याला उत्तर देणारा दुसरा उठाव झाला, आणि त्या एका वर्षात उत्तरेत हजारो इग्बो मारले गेले. दहा लाखांहून अधिक माणसे हाताला लागेल ते घेऊन पूर्वजांच्या गावी परतली. ३० मे १९६७ रोजी पूर्व भागाचे लष्करी प्रशासक ओजुक्वू यांनी बियाफ्राचे प्रजासत्ताक जाहीर केले. त्या भूमीच्या पोटात तेल होते, एवढे सांगितले की पुढच्या क्रौर्याचे अर्धे कारण सांगून होते. नाकेबंदी झाली, उली येथे हमरस्ताच रुंद करून केलेल्या धावपट्टीवर मदतीची विमाने रात्रीच्या काळोखात उतरत राहिली, आणि तरीही माणसे गोळ्यांपेक्षा भुकेने अधिक मेली. किती, याचे अंदाज पाच लाखांपासून तीस लाखांपर्यंत जातात. या अंतरापाशी मी थबकतो. ज्यांची संख्या पंचवीस लाखांनी पुढेमागे सरकवता येते ते मृत कोणी मोजलेच नव्हते, एवढेच त्यातून निश्चित कळते. त्यांत मुले अगणित होती. फुगलेल्या पोटांची आणि विरळ झालेल्या केसांची त्यांची छायाचित्रे जगभरच्या दिवाणखान्यांत पोचली, त्या दृश्याने हेलावलेल्या काही फ्रेंच डॉक्टरांच्या पुढाकारातून १९७१ मध्ये ‘मेदसँ सां फ्रोंतिएर’ ही संस्था उभी राहिली. मानवजातीच्या करुणेला त्या मुलांनी एक नवे रूप दिले आणि स्वतः मात्र ती निनावी राहिली.

अशा वेळी मला व्यासांचा विवेक आठवतो. भारतीय युद्ध अठरा दिवसांत आटोपते, पण महाभारत तिथे थांबत नाही. स्त्रीपर्वात स्त्रिया रणभूमीवर उतरून छिन्नभिन्न देहांतून आपापली माणसे ओळखू पाहतात, मग गंगेच्या काठी जलदान होते, आणि जिंकलेला युधिष्ठिर शांतिपर्वाच्या त्या अफाट विस्तारातही पुरता शांत होत नाही. एवढे करूनही कवीला ते अपुरे वाटते. कितीतरी वर्षांनंतर, आश्रमवासिकपर्वात, तो मेलेल्या वीरांना एका रात्रीपुरते गंगेच्या प्रवाहातून वर बोलावतो, आणि एकमेकांना मारणारे ते सारे त्या रात्री निर्वैर होऊन आपल्या माणसांना भेटतात. शोक हा आपोआप ओसरणारा पूर नव्हे, त्याला स्थळ लागते, विधी लागतो, साक्षीला माणसे लागतात, हे त्या महाकवीने जितके ओळखले तितके कोणा राज्यकर्त्याने क्वचितच ओळखले असेल.

इग्बोंच्या श्रद्धाविश्वातही माणूस पुरला म्हणजे पूर्वज झाला असे नाही. त्यासाठी वेगळी उत्तरक्रिया करावी लागते, गोतावळा जमवून, ढोल वाजवून. आणि देह आपल्याच गावच्या मातीत जावा असा आग्रह इतका प्रबळ, की परमुलखात मेलेल्या इग्बोचे पार्थिव आजही दूरदूरहून घरी आणले जाते. हे ध्यानात ठेवून असाबाकडे पाहावे. हे गाव नायजरच्या पश्चिम काठावर, म्हणजे बियाफ्राच्या सीमेबाहेर, पण वस्ती इग्बोभाषी. ऑक्टोबर १९६७ मध्ये बियाफ्राचे सैनिक नदीपार माघारले, पाठीमागे पूल उडवून. आणि संघराज्याच्या फौजा गावात शिरल्या. आपण नायजेरियाशी एकनिष्ठ आहोत हे दाखवण्यासाठी गावकरी मंगलप्रसंगी नेसायची हातमागाची शुभ्र वस्त्रे परिधान करून, गात-नाचत रस्त्यावर आले. सैनिकांनी त्यांतून पुरुष आणि मुलगे वेगळे काढले आणि यंत्रबंदुका चालवल्या. शेकडो मेले. काही कुटुंबांनी आपली माणसे रात्री शोधून अंगणात पुरली, पुष्कळांच्या वाट्याला सामाईक खड्डे आले. पुढे तीन दशकांहून अधिक काळ लोटल्यावर गोवॉन यांनी असाबात जाऊन क्षमा मागितली, हे त्यांच्या वयाला आणि मनाला शोभून दिसले. पण तोवर ज्यांना ती ऐकायची होती त्यांतले किती उरले होते?

इग्बोंना विस्मरणाची कला अवगत नव्हती असे मात्र कोणी समजू नये. ओवेरीच्या परिसरात एके काळी म्बारी नावाची घरे बांधत. भूदेवता आला हिने मागणी केली आहे असा कौल मिळाला, की गावातले निवडक स्त्री-पुरुष कुंपणाआड राहायला जात आणि महिनोन्महिने, कधी त्याहूनही दीर्घ काळ, वारुळाच्या मातीतून मूर्ती घडवत बसत. देवी आणि तिची लेकरे, विजेचा देव अमादिओहा, पशू, प्रसूत होणारी स्त्री, आणि गोरे साहेब आले तेव्हा तेही. गावाने जे जे पाहिले, ज्याचे ज्याचे भय घेतले, ते त्या घरात आलेच पाहिजे. ओंगळ म्हणून, परके म्हणून काही वगळायचे नाही. काम पुरे झाले की कुंपण पाडायचे, उत्सव करायचा, साऱ्या गावाने ते डोळे भरून पाहायचे. आणि त्यानंतर त्या घराची डागडुजी कोणी करायची नाही. पाऊस येई, रंग ओघळत, मूर्तींचे हात गळून पडत, छप्पर बसे, झाडी पुढे सरके. पुन्हा गरज पडली तर पुन्हा नवे घर. कादंबरीकार चिनुआ अचेबे यांना या प्रथेचे खोल आकर्षण होते, आणि तिच्यात कलेविषयीचे जे तत्त्व त्यांना दिसले ते मोलाचे आहेच. मला मात्र ती आता, या युद्धाच्या संदर्भात, वेगळ्याच प्रकाशात दिसते. मातीला मिळण्याआधी घर उभे राहावे लागते. लागोसच्या शासनाला पाऊस हवा होता, घर नको होते.

म्हणून नकाशावरच्या आखाताचे नाव १९७५ मध्ये बदलले गेले आणि बियाफ्रा हा शब्द पाण्यावरूनही पुसला गेला. शाळांतल्या मुलांना या युद्धाविषयी फारसे काही शिकवले गेले नाही, पुढे तर काही वर्षे इतिहास हा विषयच शालेय अभ्यासक्रमातून वेगळा उरला नाही. घराघरांतले मौन मात्र वरून आलेल्या आज्ञेने आले नव्हते. ते अधिक गहन होते. अचेबे यांची एक कादंबरी १९६६ ची आणि पुढची १९८७ ची; मधल्या एकवीस वर्षांत त्यांनी कविता लिहिल्या, कथा लिहिल्या, निबंध लिहिले, पण कादंबरीचे दीर्घ श्वास जणू त्यांच्या छातीत मावेनात. त्यांचा मित्र, कवी क्रिस्तोफर ओकिग्बो, १९६७ मध्येच न्सुक्काच्या आघाडीवर बियाफ्रासाठी लढताना मारला गेला होता. युद्धाची आपली आठवण अचेबेंनी पुस्तकरूपाने सांगितली ती २०१२ साली, मृत्यूच्या जेमतेम काही महिने आधी. उलट चिमामांडा न्गोझी अदिची जन्मली १९७७ मध्ये, युद्ध संपून सात वर्षांनी. तिचे दोन्ही आजोबा त्या युद्धात गेले, आणि त्या काळावरची तिची कादंबरी २००६ मध्ये आली. ज्यांनी पाहिले त्यांना सांगता येत नाही, ज्यांनी पाहिले नाही त्यांना सांगितल्यावाचून राहवत नाही. वारसा हा बहुधा असाच, एक पिढी गाळून, पुढे जात असावा.

वाणीने नाकारले ते देहाने सांभाळले, असे म्हणायला मी धजलो नसतो, पण शास्त्रज्ञांनी ते मोजून पाहिले आहे. युद्धातल्या दुष्काळात मातेच्या उदरात असलेली बालके चाळिशीला आली तेव्हा एनुगूमध्ये त्यांची तपासणी झाली, आणि युद्धानंतर जन्मलेल्यांच्या तुलनेत त्यांच्यात उच्च रक्तदाबाचे आणि रक्तातल्या साखरेच्या बिघाडाचे प्रमाण अधिक आढळले. दुसऱ्या एका संशोधनात दिसले की वाढत्या वयात युद्ध सोसलेल्या स्त्रियांची उंची काहीशी खुरटली. आपल्या आजाराचा उगम आपण जन्मण्यापूर्वीच्या एका नाकेबंदीत आहे, हे ठाऊक नसलेला कोणी मध्यमवयीन दुकानदार सकाळची गोळी घेऊन बाजाराला जात असेल. त्याच्या धमन्यांत १९६८ अजून चालू आहे.

आणि बाजाराला जाणे हे तर इग्बोंच्या पुनर्जन्माचे मुख्य सूत्र. युद्धाच्या काळात ज्या खात्यांवर बियाफ्राच्या चलनात व्यवहार झाले, त्या खातेदारांना, पूर्वीची शिल्लक कितीही असो, सरसकट वीस पौंड देण्याचे शासनाने ठरवले. पोर्ट हारकोर्टमध्ये इग्बोंनी सोडून आलेली घरे ‘बेवारस मालमत्ता’ ठरली आणि कित्येकांना ती परत मिळालीच नाहीत. १९७२ मध्ये परदेशी कंपन्यांतले हिस्से नायजेरियनांना विकत घेण्याची मुभा देणारा हुकूम निघाला, तेव्हा ज्यांच्या हाती भांडवल उरले नव्हते त्यांना ती मुभा ही एक थट्टाच होती. अशा शून्यातून त्यांनी आपली उमेदवारीची जुनी रीत वर काढली. पोरगा पाच-सात वर्षे मालकाच्या घरी राहतो, पाणी भरतो, दुकान झाडतो, माल ओळखायला शिकतो, गिऱ्हाइकाशी घासाघीस करायला शिकतो, पगार घेत नाही. मुदत संपली की मालक त्याला दुकान थाटण्याइतके भांडवल देऊन मोकळा करतो. बँकेने पाठ फिरवली तेव्हा माणसाने माणसाला कर्ज दिले, आणि ते कर्ज चाकरीच्या वर्षांनी फेडून घेतले. न्नेवीतला मोटारींच्या सुट्या भागांचा व्यापार, आबातले चपला-बूट आणि शिवणकाम, ओनित्शाचा अवाढव्य बाजार या रीतीवर पोसले गेले. जगभरचे अर्थशास्त्री आता तिचे गोडवे गातात. मला त्या कौतुकात थोडी बोच जाणवते. राखेतून उठलेल्या माणसाची गोष्ट राख करणाऱ्याला फार आवडते, कारण ती त्याला हिशेबातून सोडवते. शिवाय मोकळे करायच्या वेळी पोरावर चोरीचा आळ घेऊन त्याला रिकाम्या हाताने घालवणारे मालकही असतातच. दुःखाने माणसे सज्जन होतात असा काही नियम नाही.

तसा नियम असता तर बियाफ्रातल्या अल्पसंख्यांची कहाणी वेगळी झाली असती. ओगोनी, इजॉ, एफिक, इबिबिओ यांना त्या नव्या राष्ट्रात ओढले गेले, आणि त्यांतल्या पुष्कळांना इग्बोंचे प्रभुत्व लागोसच्या प्रभुत्वाइतकेच भयावह वाटले. ओगोनींचा पुढे फासावर गेलेला लेखक केन सारो-विवा त्या युद्धात संघराज्याच्या बाजूला होता. पोर्ट हारकोर्टच्या आसपासच्या इक्वेरे लोकांपैकी अनेकांनी युद्धानंतर आपण इग्बो नव्हेच असे म्हणायला सुरुवात केली, गावांच्या नावांची अक्षरेसुद्धा बदलली. पराभूतांच्या घरातही कोणीतरी कोणाचा तरी पराभव केलेला असतो, आणि त्याचा शोक तर आणखीच राहून जातो.

आता उगवत्या अर्ध्या सूर्याचा तो ध्वज पुन्हा दिसू लागला आहे, आणि तो धरणारे हात युद्धानंतर खूप उशिरा जन्मलेल्यांचे आहेत. त्यांच्या आजोबांना बियाफ्रा म्हणजे गाडून टाकलेली भूक. या नातवंडांना मात्र ती एक न दिलेली भरपाई वाटते. २०२१ मध्ये फुटीर चळवळीचे नेते न्नामदी कानू यांना परदेशातून पकडून आणले गेले, तेव्हापासून दर सोमवारी घरीच बसायचा हुकूम इग्बो प्रदेशावर लादला गेला; हुकूम काढणाऱ्यांनी नंतर तो मागे घेतला असे म्हटले तरी दुकाने उघडेनात, कारण उघडणाऱ्यांचे जीव गेले होते. इग्बोंचा पारंपरिक आठवडा चार दिवसांचा, एके, ओरिये, आफो, न्क्वो, आणि हे चारही दिवस बाजारांचे. ज्या समाजाने काळच बाजारांनी मोजला त्याने आपल्याच नावाने आपलेच बाजार बंद ठेवावेत, यातला विपर्यास तिथल्या कोणा व्यापाऱ्याला मी समजावण्याची गरज नाही. न्नेवीचा मोठा बाजार न्क्वोचा. दर अठ्ठाविसाव्या दिवशी न्क्वो सोमवारी येतो, आणि हुकुमाच्या त्या काळात गाव आपल्या हक्काच्या दिवसालाही मुके. मालकाच्या घरी मुदत भरत असलेला एखादा पंधरा-सोळा वर्षांचा पोरगा तेव्हा काय हिशेब करत असेल, याचे मला कुतूहल आहे: हे सोमवार त्याच्या सात वर्षांत धरले जाणार, की मागाहून भरून द्यावे लागणार, आणि तसे झाले तर कोणाला?