पानात टाकलेले आणि पोटात टाकलेले

अन्न टाकणे हे पाप होय, हा संस्कार आपल्या घराघरांतून बालपणीच मनावर बिंबविला जातो, आणि तो योग्यच आहे. परंतु मधुमेह जडलेला गृहस्थ भोजनगृहात जेवावयास बसला की याच संस्कारातून त्याच्यापुढे धर्मसंकट उभे राहते. ठरावीक मूल्याचे ताट समोर येते. त्यात भाताची मूद, पुऱ्या, गोडसर डाळ आणि श्रीखंडाची वाटी असते. खावे तर प्रकृतीचा घात, टाकावे तर अन्नाचा अपमान. बहुतेक सज्जन अशा वेळी पहिला मार्ग पत्करतात आणि आपण धर्म पाळला असे समाधान मानतात. पैसे वसूल झाल्याचे समाधानही त्यात मिसळलेले असते. ते मात्र सहसा कोणी बोलून दाखवीत नाही.

अन्नाचे प्रयोजन देहाचे धारण हे होय. जे अन्न देहाचे धारण न करता त्यास झिजविते, ते पानात राहिले काय आणि पोटात गेले काय, वायाच गेले. किंबहुना पोटात गेलेले अधिक हानी करते. वाढलेली रक्तशर्करा डोळे, मूत्रपिंडे आणि पायांच्या नसा यांना वर्षानुवर्षे पोखरीत राहते, आणि पुढे त्याचा भार घरच्या मंडळींना वाहावा लागतो. 'एका दिवसाने काय होते?' असे वर्षातून एकदा म्हटले तर क्षम्य आहे. पण लग्न, प्रवास, पाहुणे, बढती असे निमित्त दर आठवड्यास सापडते. एचबीए१सी या रक्ततपासणीत मागील दोन-तीन महिन्यांची सरासरी उतरते. चित्रगुप्ताची वहीच ती! भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या साहाय्याने झालेल्या व २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशातील मधुमेहींची संख्या १० कोटींहून अधिक अंदाजिली गेली. तेव्हा हा प्रश्न थोड्याथोडक्यांचा नव्हे.

मग वाढलेले अन्न खुशाल टाकावे काय? तसेही नाही. संयमाचे स्थान पान वाढल्यानंतर नसून वाढण्यापूर्वी आहे. पूर्ण ताटाऐवजी सुटे पदार्थ मागवावेत. ताटच घ्यावयाचे तर गोड आणि पुऱ्या नकोत असे वाढप्यास आरंभीच सांगावे. सांबारात किंवा गुजराती पद्धतीच्या डाळीत गूळ आहे काय, हे विचारण्यात कसली भीड? 'शुगर-फ्री' मिठाईत साखर नसली तरी खवा आणि मैदा असू शकतो. भाजी व डाळ आधी खाऊन भात-पोळी मागाहून घेतल्यास शर्करा तुलनेने कमी चढते, इतके ध्यानी ठेवले तरी पुष्कळ साधते. यजमान आग्रह करू लागले तर आपला आजार स्पष्ट सांगावा. त्यांच्या आतिथ्याचा मान त्यामुळे उणा होत नाही.

याउलट, रात्री बाहेर जेवावयाचे म्हणून दिवसभर उपाशी राहणारेही आढळतात. गीतेच्या सहाव्या अध्यायात अति खाणारा आणि मुळीच न खाणारा अशा दोघांनाही योगापासून दूर ठेवले आहे, हे ते विसरतात. इन्सुलिन अथवा शर्करा उतरविणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यास तर उपास धोक्याचाच. औषध घरी घेऊन निघावे आणि भोजनगृहात तासभर ताटकळावे लागले तर घाम सुटतो, हात कापतात, बुद्धी भ्रमते. म्हणून औषधाची वेळ वैद्यांच्या सल्ल्याने प्रत्यक्ष जेवणाशी जुळवावी. आणि तशी वेळ आलीच तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच घ्यावी. त्या क्षणी तेच पथ्य होय.