नाव कृतीला द्यावे, माणसाला नव्हे

दिवसभरात आपण कितीतरी शब्द बोलतो. बहुतेक वाऱ्यावर विरून जातात. पण काही शब्द दुसऱ्याच्या आयुष्यावर शिक्क्यासारखे उमटतात. लहान मुलाने भावाला ढकलले की घरचे म्हणतात, “हा फार अ‍ॅग्रेसिव्ह आहे.” ऑफिसात कोणी आवाज चढवला की तो ‘टॉक्सिक’ ठरतो. मराठीतही भांडखोर, आडदांड, कजाग असे शब्द आहेतच. म्हणून दोष इंग्रजीचा नाही. खरा प्रश्न असा आहे की, नावे ठेवताना आपण कृतीला नाव देतो की माणसालाच?

मारकुट्या, दांडगट माणसाला इंग्रजीत ‘थग’ म्हणतात. हा शब्द आपल्याच ‘ठग’ या शब्दापासून गेला आहे. ठग किंवा ठक म्हणजे फसवणारा. प्रवाशांशी गोड बोलून, त्यांचा विश्वास संपादन करून, रुमालाचा फास आवळून लुटणाऱ्या टोळ्यांना हे नाव पडले. त्यांच्या बंदोबस्ताचे मुख्य ठाणे जबलपूर होते. तिथे कर्नल स्लीमन यांनी ठगांच्या सांकेतिक भाषेचा कोश तयार केला. तो १८३६ मध्ये छापला गेला. १८३९ मध्ये फिलिप मेडोज टेलर यांची ठगांवरील कादंबरी इंग्लंडमध्ये गाजली आणि शब्द तिथे घरोघर पोहोचला. पुढे त्यातली ‘फसवणूक’ गळाली आणि ‘दांडगाई’ उरली.

ते खून भयंकर होते, यात शंका नाही. पण १८३६ मध्येच असा कायदा झाला की, अमुक खून अमुक माणसाने केला हे सिद्ध करण्याची गरज उरली नाही. तो ठगांच्या टोळीतला होता एवढे सिद्ध झाले की जन्मभर सक्तमजुरी! शिक्षा कृत्याकडून नावाकडे सरकली. जबलपुरातच या कैद्यांसाठी व त्यांच्या मुलांसाठी उद्योगशाळा निघाली. फास आवळणारे हात गालिचे विणू लागले, तंबू शिवू लागले. हात बदलले, नाव मात्र सुटले नाही.

याच विचाराची पुढची पायरी म्हणजे १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा. त्याने संपूर्ण जमातीच जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. पाळण्यातल्या बाळाने काय केले होते? हा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला आणि त्या जमाती ‘विमुक्त’ म्हणवल्या गेल्या. पण लोकांच्या तोंडचा शिक्का लवकर पुसला गेला नाही. लक्ष्मण गायकवाड यांनी आपल्या आत्मकथनाला ‘उचल्या’ हेच नाव दिले. समाजाने हिणवण्यासाठी वापरलेला शब्द त्यांनी समाजासमोर आरशासारखा धरला. त्या पुस्तकाला १९८८ मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

कोणी म्हणेल, मग वाईटाला वाईट म्हणायचेच नाही का? अवश्य म्हणावे, आणि स्पष्ट म्हणावे. “तू त्याला मारलेस, हे चूक आहे,” या वाक्यात सौम्यपणा नाही. पण वाट मोकळी आहे. कृती उद्या बदलता येते. “तू मारकुटाच आहेस,” असे म्हटले की वाट बंद होते. जे मूल हे रोज ऐकते, ते हळूहळू त्या नावाला जागू लागते.

आपली मराठी इथे सुंदर धडा देते. आपण म्हणतो, “त्याला राग आला.” राग येतो, म्हणजे तो जातोही. तो पाहुणा आहे, घरमालक नव्हे. “तो रागीट आहे,” असे म्हणताच आपण पाहुण्याच्या नावे घराचा उतारा करून देतो. वाल्याला सर्वांनी कायमचे वाटमारी करणाराच मानले असते, तर वाल्मीकी कुठून मिळाले असते?

जबलपूर जिल्ह्यातल्या मझौली गावी विष्णू-वराहाचे प्राचीन मंदिर आहे. रानडुक्कर म्हटले की डोळ्यांपुढे येते ती त्याची धडक आणि त्याचे सुळे. पण आपल्या पूर्वजांनी त्याच सुळ्यांवर पाण्यातून वर उचललेली पृथ्वी पाहिली. जोर तोच, दिशा वेगळी. ज्याला आपण आक्रमक म्हणतो, त्याच्यातही अशी शक्ती असते. तिला योग्य दिशा दाखवणे हे आपले काम आहे.

आजपासून एक छोटी साधना करून पाहावी. कोणाच्या वागण्याचा त्रास झाला तर त्याने काय केले तेवढेच बोलावे. तो कसा आहे, हे सांगणारा शब्द ओठांवरच थांबवावा. हाच नियम स्वतःलाही लावावा. “मी तापटच आहे,” ही कबुली नव्हे, पळवाट आहे. “आज मला राग आला आणि मी आवरला नाही,” असे म्हणणारा माणूस उद्या तो आवरू शकतो.