रांग कोणाच्या मालकीची?

एका वर्कशॉपात एकच लेथ आहे आणि तिच्यापुढे तीन गिऱ्हाइकांचे जॉब लागले आहेत. पहिला चार तासांचा, दुसरा दोन, तिसरा एक तासाचा. प्रत्येकाला खोळंबा तासाला १०० रुपयांना पडतो असे धरू. आल्या क्रमाने काम केले तर जॉब चौथ्या, सहाव्या आणि सातव्या तासाअखेर सुटतील. एकूण खोळंबा १७ तासांचा. क्रम उलटा केला तर तो ११ तासांवर येतो. लेथ तीच, कारागीर तोच, तरी ६०० रुपये वाचले.

सर्वांत स्वस्त क्रम कसा शोधायचा, हे डब्ल्यू. ई. स्मिथ यांनी १९५६ सालीच दाखवून दिले: खोळंब्याच्या दराला कामाच्या वेळेने भागा, भागाकार मोठा त्याचे काम आधी. पण पहिले आलेले गिऱ्हाईक तीन तास जास्त का थांबेल?

१९८९ मध्ये क्युरिएल, पेडर्झोली आणि टाइस यांनी हा प्रश्न सहकारी खेळाच्या सिद्धांतात मांडला. त्यांचा तोडगा सरळ आहे: ज्या दोघांचा मागचा-पुढचा क्रम बदलतो, त्यांनी त्यातली बचत निम्मी-निम्मी घ्यावी. आपल्या उदाहरणात तिघांच्या वाट्याला अनुक्रमे २५०, १५० आणि २०० रुपये येतात. मागचे दोघे मिळून पहिल्याला ५५० देतात. त्याचे ३०० बुडाले तरी २५० हाती उरतात. या वाटणीतून फुटून कोणत्याही गटाला अधिक कमावता येत नाही.

मात्र लॉइड शॅप्ली यांचे १९५३चे सूत्र लावले, तर आकडे बदलतात. गट ज्या ज्या क्रमाने जमू शकतो त्या सर्वांत प्रत्येकाच्या येण्याने किती भर पडते, याची ते सरासरी काढते. रांगेत दोन टोकांच्या गिऱ्हाइकांना मधल्याला ओलांडून परस्पर जागा बदलता येत नाहीत, हा या खेळाचा नियम. त्यामुळे मधल्याची संमती महाग ठरते आणि वाटणी २००, २५०, १५० अशी होते. हीसुद्धा न फुटणारी वाटणी आहे. म्हणजे क्रम गणिताने ठरला, पण न्याय ठरला नाही. एकात अदलाबदल करणाऱ्या जोडीला मान आहे, दुसऱ्यात अडवू शकणाऱ्याच्या ताकदीला. निवड आपल्यालाच करायची आहे.

दोन्ही सूत्रे आणखी दोन गोष्टी न विचारता मान्य करतात. एक, आधी आलेल्याचा जागेवर हक्क आहे; म्हणूनच त्याला भरपाई मिळते. जागा चिठ्ठी टाकून मिळाली असती, किंवा वशिल्याने, तरी हिशेब हाच राहिला असता. दुसरी गोष्ट अधिक बोचरी. सर्वांचा तास आपण १०० रुपयांचा धरला. खऱ्या व्यवहारात एकाचा तास हजारांचा असतो, दुसऱ्याचा पन्नासांचा, आणि स्मिथ यांचा भागाकार महागड्या तासाला रांगेत पुढे आणतो. भरपाई चोख मिळाली, तरी कमी मजुरीच्या माणसाने थांबायचे ही रीत पक्की होते. शिवाय दर ज्याने त्याने सांगायचा असेल, तर तो फुगवून सांगण्याचा मोह आहेच.

म्हणून एखाद्या कारखान्यात किंवा रुग्णालयात रांग लावणारे सूत्र आले, की ते किती वेळ वाचवते एवढ्यावर थांबू नये. थांबणाऱ्याच्या तासाची किंमत कोणी ठरवली, आणि ती ठरवताना त्याला विचारले होते का, हेही विचारावे.