परक्यांचा खोकला

प्रवाशाला पाहण्याचा अधिकार असतो, असे आपण गृहीत धरतो. तिकिटाचे पैसे भरले, कुणाचे काही घेतले नाही, कुणाला दुखावले नाही, केवळ पाहिले. मग नीती-अनीतीचा प्रश्न येतोच कुठे? स्कॉटलंडच्या पश्चिमेस भर समुद्रात असलेल्या सेंट किल्डा या द्वीपसमूहाचा इतिहास वाचल्यावर मात्र हे गृहीतक वाटते तितके निरुपद्रवी राहत नाही.

ओबन बंदरातून उन्हाळ्यात छोट्या बोटी हेब्रिडीज बेटांच्या सफरीला निघतात. दहा-बारा प्रवासी, एकच जेवणाचे टेबल आणि वारा सांगेल तो कार्यक्रम. आम्ही अशाच एका बोटीने गेलो. (शाकाहारी मनुष्याला उत्तरेच्या समुद्रात बटाट्याशी दीर्घ मैत्री करावी लागते, हे जाता जाता सांगून ठेवतो.) नॉर्थ युइस्ट बेट मागे पडल्यावर पश्चिमेला सुमारे ६४ किलोमीटर उघडा अटलांटिक. मग धुक्यातून बोरेरे बेट आणि त्याच्या शेजारचे दोन सुळके वर येतात. त्यांतील स्टॅक ॲन आर्मिनची उंची १९६ मीटर. त्यावर दिसणारा पांढरा थर बर्फाचा नव्हे. ते गॅनेट पक्षी आणि त्यांची शीट. मुख्य बेट हर्टा. त्याच्या एका टेकडीचा कडा चारशे मीटरांहून अधिक उंचीवरून थेट समुद्रात उतरतो.

या कड्यांवरून दोराने उतरून पक्षी आणि अंडी आणणारी गेलिकभाषक माणसे येथे शतकानुशतके राहिली. बेटावर झाड नाही, शेती जेमतेम. पक्ष्यांचे मांस खावे, तेल दिव्यात जाळावे, पिसे जमीनदाराला खंडापोटी द्यावीत. मांस वाळवून साठवण्याच्या दगडी कोठ्या एकट्या हर्टावर बाराशेहून अधिक आहेत. गावातील पुरुष रोज सकाळी रस्त्यावर जमून दिवसाचे काम ठरवीत. बाहेरच्यांनी या बैठकीला ‘पार्लमेंट’ असे नाव दिले. त्यात कौतुक किती आणि थट्टा किती, हे ज्याने त्याने ठरवावे.

बाहेरची बोट येऊन गेली की काही दिवसांत सारे गाव खोकू लागे. १६९७ साली तेथे गेलेल्या मार्टिन मार्टिन या प्रवाशाच्या वृत्तांतातही त्याची नोंद आहे. डॉ. जॉन्सन यांना ही गोष्ट खरी वाटली नाही. बेटावरच्यांना मात्र शंका नव्हती. त्यांनी त्या दुखण्याला ‘परक्यांचा खोकला’ असेच नाव ठेवले होते. एकाकी वस्तीला बाहेरच्या जंतूंची सवय नसते, हे आज शाळकरी मूलही सांगेल. पाहुण्याने मुद्दाम काही केले नव्हते. तो आला होता, एवढेच पुरेसे होते.

१८७७ पासून ‘ड्युनारा कॅसल’ ही आगबोट उन्हाळी सहली घेऊन येऊ लागली. पर्यटकांना कडे उतरणारी माणसे पाहायची होती. अंडी आणि घरी विणलेले लोकरी कापड विकत हवे होते. यात दुष्टपणा कुठेच नव्हता. परंतु ज्या गावात नाण्याला फारसे काम नव्हते तेथे नाणे आले, आणि पुढे बेटकर लोभी झाल्याची कुरकुर प्रवासीच करू लागले. ज्यांनी नाणी नेली त्यांनीच लोभाची तक्रार करावी, हा न्याय आम्हाला अनोळखी वाटत नाही.

तथापि सारा दोष पाहुण्यांवर लादणे हेही खरे नव्हे. १८५२ मध्ये ३६ माणसे ऑस्ट्रेलियाला निघाली, त्यांतील अनेक वाटेतच दगावली. एकोणिसाव्या शतकात कितीतरी वर्षे निम्म्याहून अधिक अर्भके जन्मानंतर काही दिवसांतच धनुर्वाताने जात. पहिल्या महायुद्धानंतर तरुण बाहेर पडू लागले. अखेर मे १९३० मध्ये बेटकरांनीच सरकारला अर्ज केला, आणि २९ ऑगस्ट १९३० रोजी उरलेली ३६ माणसे ‘हेअरबेल’ या नौकेवर चढली. निघताना घराघरांत उघडे बायबल आणि मूठभर ओट ठेवले होते, असे सांगतात. ज्यांच्या बेटावर झाड नव्हते अशा काही पुरुषांना पुढे वनखात्यात काम मिळाले.

बोटीवर रात्री सगळे हळहळले. एवढी जुनी संस्कृती संपली! आम्हाला मात्र ही हळहळ नेमकी कुणासाठी, असा प्रश्न पडला. ज्या आईची मुले आठवडाही जगत नव्हती, तिने आपल्या पाहण्यासाठी तेथे राहायला हवे होते काय?

वाचकांना हा प्रश्न दूरचा वाटू नये. पुण्या-मुंबईचे पाहुणे बडोद्यात, इंदुरात येतात आणि म्हणतात, ‘अजून किती जुने, शुद्ध मराठी बोलता हो तुम्ही!’ हे कौतुक ऐकताना कुणीतरी आपल्याला काचेच्या कपाटात ठेवल्यासारखे वाटते. आपल्या मुलांनी गुजराती-हिंदीत संसार केला की याच पाहुण्यांना वाईट वाटते. त्यांचे वाईट वाटणे खोटे नसते. फक्त त्याची किंमत आपण द्यावी, अशी त्यांची अपेक्षा असते.

आज हर्टावर गाव नाही. १९५७ पासून बेट नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंडकडे आहे आणि लष्कराचे एक केंद्रही तेथे आहे. बोटीतून उंदीर उतरू नये याची कडक काळजी घेतली जाते, कारण एक गाभण उंदरीण जमिनीत बिळे करणाऱ्या पक्ष्यांची वसाहत संपवू शकते. परक्यांचा खोकला आता माणसांना नव्हे, पक्ष्यांना होऊ नये, ही धडपड. हे नियम आम्हाला जाचक वाटले नाहीत. पाहणे फुकट नसते, हे निदान कुणीतरी लेखी मान्य केले आहे.

गेल्या वर्षी कुलदैवताच्या निमित्ताने आम्ही कोकणातील मूळ गावी गेलो होतो. भाऊबंदांनी जुन्या माजघराची कौले उतरवून स्लॅब घातला होता. कौलांच्या आठवणीने आमचा जीव थोडा हळहळला. वहिनी मात्र पावसाळ्यात आता जागोजागी भांडी मांडावी लागत नाहीत, हे आनंदाने सांगत होत्या.